१ इंची कॉम्प्रेशन ड्रायव्हर २ इंची थ्रोटच्या हॉर्नला बसवला तर चालेल का?
म्हणजे भोंग्याच्या (हॉर्नच्या) मागे बसणारा, १ इंच तोंडाचा स्पीकर युनिट २ इंची भोकाच्या भोंग्याला. आवाज येईल, पण ट्रेबलची (वरच्या सुरांची) वाट लागेल. थ्रोट, म्हणजे हॉर्नचं ड्रायव्हरकडचं अरुंद टोक, हे नुसतं भोक नाही, हॉर्न खरं तर ड्रायव्हरच्या आतच फेज प्लगपासून (पडद्यासमोरचा फटी असलेला ठोकळा) सुरू होतो, डायफ्रामच्या (आवाज काढणाऱ्या पातळ पडद्याच्या) साधारण एक दशांश क्षेत्रफळाच्या फटींतून हवा दाबून बाहेर येते आणि तिथून वाट हळूहळू रुंदावत जाते. मध्येच २५ मिमीवरून एकदम ५० मिमीची पायरी आली की लाट थोडी मागे फिरते आणि रिस्पॉन्समध्ये खड्डे पडतात, म्हणजे काही सूर दबतात.

अडॅप्टर लावायचाच तर लांब, निमुळता घ्या, चपटी रिंग नको. आतून बोट फिरवून बघा, जोडावर कडा लागतेय का, गॅस्केट आत डोकावतंय का. व्यास जुळला तरी भिंतीचा कोनही जुळायला हवा, हे बरेच जण विसरतात.

आणि मोठा थ्रोट म्हणजे भारी असं काही नाही हां. २० किलोहर्ट्झची लाट जेमतेम १७ मिमीची, ५० मिमीच्या थ्रोटमधून ती हॉर्नच्या भिंतींना न जुमानता सरळ पुढेच जाते. उलट छोट्या थ्रोटमध्ये खूप मोठ्या आवाजाला हवाच डिस्टॉर्शन करायला (आवाज बिघडवायला) लागते. पण घरात एवढा मोठा आवाज लागत नाही, म्हणून ऐकायला मी तरी १ इंची थ्रोटचाच हॉर्न शोधेन.