रोमान्स भाषा शिकायला जर्मनीत यायचं, तर आधी जर्मन

तू लिहिलंस की बीकॉमचं शेवटचं वर्ष चालू आहे, फ्रेंच बी-२ पर्यंत झाली आहे आणि आता जर्मनीत येऊन विद्यापीठात रोमान्स भाषा, म्हणजे लॅटिनमधून निघालेल्या भाषा, शिकायच्या आहेत. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, जमलं तर पोर्तुगीजही. जर्मनचं काय, तर 'तिथे गेल्यावर होईलच'. मी नऊ वर्षांपूर्वी अगदी हाच बेत घेऊन इथे आले. आधी पदवी, मग मास्टर्स, दोन्ही इथेच केलं. आता एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात फ्रेंच, इटालियन आणि रोमानियन पुस्तकांची निवड आणि वर्गीकरण बघते. तेव्हा ताई म्हणून हक्काने सांगते, आणि सविस्तर सांगते.

जर्मनपासूनच सुरू करू, कारण तुझ्या बेतात कच्चं तेवढंच आहे. इथे या विषयाला रोमानिस्टिक म्हणतात. त्याचे ठळक तीन भाग: भाषाविज्ञान, साहित्य आणि प्रत्यक्ष भाषेचा सराव. सरावाचे तास फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये होतात. पण भाषाविज्ञानाची आणि साहित्याची व्याख्यानं, चर्चासत्रं, त्यातले निबंध, तोंडी परीक्षा यांतला मोठा भाग जर्मनमध्ये असतो. म्हणून बहुतेक ठिकाणी प्रवेशालाच जर्मनचा साधारण सी-१ पातळीचा (बी-२च्या वरची पायरी) दाखला लागतो: टेस्टडाफ या परीक्षेत चारही भागांत ४, किंवा डीएसएच या परीक्षेत दुसरी पातळी, म्हणजे डीएसएच-२. ही अट नुसती कागदावरची नाही. माझा पहिला भाषांतराचा पेपर फ्रेंचमधून जर्मनमध्ये होता. फ्रेंच उतारा मला आरपार समजला होता, एकही शब्द अडला नव्हता. पेपर परत आला तेव्हा लाल खुणा सगळ्या जर्मन वाक्यांवर होत्या: क्रियापदाची जागा, विभक्ती, कुठे चतुर्थी हवी तिथे द्वितीया. शेजारी बसलेल्या मुलीला माझ्यापेक्षा फ्रेंच कमी येत होतं आणि गुण तिला जास्त पडले होते. मी खूप रडले होते त्या दिवशी. तुला ते टाळता येईल, म्हणून सांगते. फ्रेंच आहे तिथेच राहू दे आणि पुढचं पूर्ण वर्ष जर्मनला दे.

मग तू विचारशील, फ्रेंचसाठी सरळ फ्रान्सलाच का जाऊ नये? फक्त फ्रेंच करायची असेल तर जरूर जा. पण तुला या भाषा एकमेकींशेजारी ठेवून बघायच्या आहेत, आणि ती परंपरा जर्मन भाषेच्या मुलखातली आहे. फ्रीडरिश डीट्स १८३० साली बॉन विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १८३६पासून त्यांचं रोमान्स भाषांचं तीन खंडांचं व्याकरण बाहेर पडू लागलं. सगळ्या रोमान्स भाषा एकाच घरातल्या म्हणून शिकायच्या, हा रिवाज तिथपासूनचा. आजही इथल्या विभागात फ्रेंचच्या वर्गाला लागून रोमानियनचा वर्ग असतो आणि ग्रंथालयात कॅटलान, ऑक्सिटन, सार्डिनियन यांची कपाटं एकाच दालनात असतात.

आता किती भाषा? चार एकदम नाही. एक मुख्य भाषा आणि तिच्या जोडीला दुसरी, अशीच बहुतेक अभ्यासक्रमांची आखणी असते. मुख्य भाषेला, विशेषतः फ्रेंचला, सुरुवातीलाच बी-१ किंवा बी-२ मागतात, ते तुझ्याकडे आहे. इटालियन, पोर्तुगीज, रोमानियन बऱ्याच ठिकाणी पहिल्या धड्यापासून शिकवतात. एक चूक मात्र करू नकोस: स्पॅनिश आणि इटालियन एकाच सत्रात सुरू करू नकोस. दोघी इतक्या सारख्या आहेत की एकीचं दुसरीत शिरतं. 'बुर्रो' म्हणजे इटालियनमध्ये लोणी आणि स्पॅनिशमध्ये गाढव. 'सालिरे' म्हणजे इटालियनमध्ये चढणं, स्पॅनिश 'सालिर' म्हणजे बाहेर जाणं, आणि फ्रेंचमध्ये तसंच लिहिलेलं क्रियापद म्हणजे मळवणं. एक भाषा बी-१ पर्यंत मुरली की मगच तिच्या बहिणीला घरात घे.

माझं ऐकशील तर दुसरी भाषा रोमानियन घे. सगळे स्पॅनिशकडे धावतात, तिथे वर्ग भरलेले असतात. आमच्या रोमानियनच्या वर्गात आम्ही पाच जण होतो, त्यामुळे रोज प्रत्येकाला बोलावंच लागायचं. आणि ती भाषा मराठी माणसाला अनोळखी वाटत नाही. 'लुप' म्हणजे लांडगा, आणि 'तो लांडगा' म्हणायचं तर उपपद पुढे न लावता मागे चिकटवून 'लुपुल'. नामाला विभक्ती अजून शिल्लक आहे. तीन लिंगं आहेत, त्यातलं नपुंसक एकवचनात पुल्लिंगासारखं आणि अनेकवचनात स्त्रीलिंगासारखं चालतं. वर्गातल्या जर्मन मुलांनाही तीन लिंगांचं नवल नव्हतं, पण फ्रेंच शिकून आलेली परदेशी मुलं अडखळायची. मला ते सहज गेलं.

या विषयाचा माझ्या मते सगळ्यात समृद्ध भाग ध्वनींचा इतिहास आहे, आणि तिथे तू इतरांच्या पुढे असशील, हे तुला अजून माहीत नाही. लॅटिनमध्ये दूध 'लाक्तेम्', आठ 'ओक्तो', रात्र 'नोक्तेम्'. इटालियनमध्ये त्याचे 'लात्ते', 'ओत्तो', 'नोत्ते' झाले. स्पॅनिशमध्ये 'लेचे', 'ओचो', 'नोचे'. रोमानियनमध्ये 'लाप्ते', 'ओप्त', 'नोआप्ते'. लॅटिनचा 'क्त' एकीकडे 'त्त' झाला, दुसरीकडे 'च', तिसरीकडे 'प्त', आणि प्रत्येक भाषेत तो नियमाने तसाच होत गेला. हे पहिल्यांदा फळ्यावर बघताना माझ्या अंगावर काटा आला, कारण आपल्याकडेही हेच झालं आहे: संस्कृत सप्त, प्राकृत सत्त, मराठी सात. अष्ट, अट्ठ, आठ. दुग्ध, दुद्ध, दूध. जोडाक्षरातली दोन वेगळी व्यंजनं आधी एकसारखी झाली. मराठीने पुढे त्यांतलं एक गाळलं आणि आधीचा स्वर लांबवला. इटालियन त्या मधल्या पायरीवरच थांबली. म्हणून 'सेप्तेम्'चं इटालियन 'सेत्ते' आणि आपलं प्राकृत 'सत्त' हे एकाच चालीचे शब्द आहेत. आमच्या वर्गातली मुलं हे नियम पाठ करत होती. मला मात्र ते आपल्या अंगणातले वाटत होते.

त्याच सत्रात एक दिवस सरांनी फळ्यावर 'क्लावेम्' लिहिलं, म्हणजे किल्ली, आणि खाली तिच्या लेकी मांडल्या: इटालियन 'क्याव्हे', फ्रेंच 'क्ले', रोमानियन 'केये', पोर्तुगीज 'शाव्ह'. मी हात वर केला आणि म्हटलं, आमच्याकडे 'चावी' म्हणतात, पोर्तुगीजांकडून आलेली. सर थांबले. त्यांनी मला तो शब्द तीन वेळा म्हणायला लावला. कारण आज पोर्तुगीजमध्ये तिथे 'श' आहे, पण सोळाव्या शतकात 'च' होता आणि पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या काही बोलींत तो अजून ऐकू येतो. तो जुना उच्चार आपण रोज, दार उघडताना, जपून ठेवला आहे. सरांनी फळ्यावर देवनागरीत 'चावी' लिहायला सांगितलं. माझ्या पाच वर्षांतला तो सगळ्यात आनंदाचा तास. आणखी एक सांगते: मराठी भाषा कशी घडली याचा पहिला मोठा शास्त्रीय अभ्यास ज्यूल ब्लॉक या फ्रेंच विद्वानाने फ्रेंचमध्ये लिहिला. तू आलीस की ग्रंथालयात तो मागवून वाच. तुझी फ्रेंच त्याला पुरेल.

लॅटिनबद्दल तू घाबरून विचारलंस. काही विद्यापीठांनी ती अट काढली आहे, काही ठिकाणी अजून आहे, शिक्षक व्हायच्या अभ्यासक्रमात तर जास्तच. ज्या त्या विद्यापीठाचे अभ्यासक्रमाचे नियम उघडून बघ. अट असो नसो, मी म्हणेन दोन सत्रं तरी लॅटिन घे. विभक्तीची सवय आपल्याला आहे. मात्र एक लक्षात ठेव, या भाषा रोमन लेखक सिसेरोच्या शुद्ध लॅटिनमधून नाही, बाजारातल्या आणि छावणीतल्या बोलीतून आल्या. जुन्या काळी कुणीतरी 'अमुक म्हणा, तमुक म्हणू नका' अशी शुद्ध-अशुद्ध शब्दांची यादी केली होती, तिला आपेन्डिक्स प्रोबी म्हणतात. तिच्यात 'आउरिस म्हणा, ओरिक्ला नको' असं आहे. कानाचा तो अशुद्ध 'ओरिक्ला'च पुढे फ्रेंच 'ओरेय' आणि स्पॅनिश 'ओरेहा' झाला. शुद्ध शब्द मागे राहिला. ८४२ साली दोन राजांनी घेतलेल्या स्ट्रासबुर्गच्या शपथा तर तुला पहिल्याच वर्षी वाचाव्या लागतील. जुन्या फ्रेंचचा तो सर्वांत जुना लेख मानतात, आणि ते अजून लॅटिनही आहे आणि फ्रेंचही आहे, असं वाचताना वाटत राहतं.

साहित्याला कमी लेखू नकोस. तुझ्या पत्रात त्याबद्दल एक ओळही नाही, आणि अभ्यासक्रमात मात्र ते भाषाविज्ञानाच्या बरोबरीनं असतं. एकेका सुनीतावर दोन-दोन आठवडे जातात. एरिश आउअरबाख हे मारबुर्गचे रोमान्स भाषांचे प्राध्यापक. ज्यू म्हणून नाझी राजवटीत त्यांची जागा गेली, ते इस्तंबूलला गेले आणि तिथे हाताशी धड ग्रंथालय नसताना, एकेक उतारा समोर ठेवून त्यांनी 'मिमेसिस' हा ग्रंथ लिहिला. तो एक उतारा धरून बसण्याचा शिरस्ता चर्चासत्रात तुला भेटेल. आणि निबंध लिहिताना आपली शाळेतली सवय सोडावी लागेल. माझ्या पहिल्या पंधरा पानी निबंधाच्या समासात प्राध्यापिकेने अकरा ठिकाणी एकच लिहिलं होतं: 'हे कोण म्हणतं?' मी दुसऱ्याचं मत आणि माझं मत एकाच स्वरात लिहीत होते. तो फरक कळायला मला एक वर्ष लागलं.

आता व्यवहाराचं. बीकॉमवर रोमानिस्टिकच्या मास्टर्सला प्रवेश मिळेल अशी आशा धरू नकोस, त्यासाठी त्याच विषयातली किंवा जवळची पदवी मागतात. म्हणजे पुन्हा पदवीपासून, सहा सत्रं, आणि वर्गात तुझ्यापेक्षा लहान मुलं. मी तेच केलं आणि त्याचं मला वाईट वाटत नाही, पण घरच्यांना हे आत्ताच सांग, नंतर नको. तुझी पदवी प्रवेशाला कशी धरली जाईल हे प्रत्येक विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचार. भारतातून येणाऱ्यांना एपीएसचं, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं तपासणाऱ्या कार्यालयाचं, प्रमाणपत्र लागतं आणि त्यात वेळ जातो, म्हणून ते सगळ्यात आधी. अर्ज बऱ्याच ठिकाणी युनी-असिस्ट या विद्यापीठांसाठी अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत होतात. हिवाळी सत्र ऑक्टोबरला सुरू होतं आणि अर्जाची शेवटची तारीख बहुधा १५ जुलै असते.

पैशाचं नीट ऐक. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, सत्राचं अंशदान तेवढं भरावं लागतं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, आणि हायडेलबर्ग, ट्युबिंगेन, फ्रायबुर्ग ही तुझ्या यादीतली तिन्ही नावं त्याच राज्यातली आहेत. व्हिसासाठी बंद खात्यात (ज्यातून महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. निघण्याआधी हा आकडा पुन्हा तपास, तो वाढत आला आहे. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पहिलं सत्र मात्र काम धरू नकोस, जर्मनमधलं वाचनच दिवस खाऊन टाकतं. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशपत्र हातात पडेल त्याच दिवशी कर. मी तीन आठवडे उशीर केला आणि पहिले चार महिने रोज दीड तास गाडीने ये-जा केली.

तिसऱ्या-चौथ्या सत्रात इरास्मस या विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या योजनेतून एक सत्र दुसऱ्या देशात जाता येतं. ते कुठल्याही परिस्थितीत घे, आणि राजधानीपेक्षा लहान गाव निवड, तिथे लोक तुझ्याशी इंग्रजीत बोलणार नाहीत. फक्त बाहेर असताना जर्मनीतल्या निवास परवान्याची मुदत संपणार नाही, एवढं आधी बघून जा.

नोकरीचं मी गोड करून सांगणार नाही. 'रोमान्स भाषांचा पदवीधर हवा' अशी जाहिरात येत नाही. शाळेत शिकवायचं असेल तर शिक्षकाचा वेगळा अभ्यासक्रम, दोन विषय आणि नंतर उमेदवारीचा काळ, हे सगळं पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं, मधूनच वळता येत नाही. बाकीच्यांना भाषेच्या जोडीला काहीतरी लागतं. तुझं बीकॉम तिथे उपयोगी पडेल. फ्रेंच आणि स्पॅनिश येणारी, हिशेब कळणारी आणि जर्मनमध्ये पत्रव्यवहार करणारी माणसं कंपन्यांना हवी असतात. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो. मला ग्रंथालयातलं काम मिळालं ते मी चौथ्या सत्रापासून तिथे विद्यार्थी मदतनीस होते म्हणून. माझ्या बरोबरीचे काही जण दोन वर्षांनी आणि अगदी वेगळ्या क्षेत्रात लागले.

या आठवड्यात दोन गोष्टी कर. यादीतल्या तीन विद्यापीठांची अभ्यासक्रमाची पुस्तिका उतरवून घे आणि प्रत्येक विषयापुढे तो कुठल्या भाषेत शिकवतात ते लिही. आणि हा विषय का हवा, हे एका पानात लिहून मला पाठव. जर्मनमध्ये लिही. चुका असू देत, मी लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवीन.