चिखलात उतरला होता, हे डॉक्टरांना आधी सांगा
(वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं)

प्रश्न : माझं माहेर कुडाळ तालुक्यात आहे. आई ६१ वर्षांची, अजून लावणीला स्वतः शेतात उतरते. गेल्या पावसात शेजारचे काका तापाने पाचव्या दिवशी गेले, लेप्टो होता असं नंतर कळलं. यंदा आशाताई घरी येऊन ‘आठवड्यातून एकदा दोन’ म्हणून गोळ्या देऊन गेल्या. आईने त्या फडताळात ठेवून दिल्या आहेत. म्हणते, ताप नसताना औषध कशाला, उष्ण पडतं. तिला घ्यायला लावू का? आणि हा ताप साध्या तापापेक्षा वेगळा कसा ओळखायचा?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, घ्यायला लावा. फोनवर सांगून ऐकत नसतील तर लावणीच्या आधी एक रविवार काढून गावी जा.

सिंधुदुर्गात सव्वीस पावसाळे मी रुग्ण तपासले. जून संपता संपता ओपीडीत माणसं कशी येतात ते डोळ्यांसमोर आहे. पाय धुऊन आलेली असतात, तरी नखांच्या कडांना चिखल असतो. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून सुटलेली, मध्ये लालबुंद चिरा. चिखल्या. त्यांच्याबद्दल कुणी तक्रार करत नाही, कारण त्या दर वर्षी सगळ्यांनाच होतात. लेप्टोचा जंतू नेमका तिथून आत शिरतो.

हा जंतू केसापेक्षा कितीतरी बारीक, मळसूत्रासारखा पिळाचा आणि टोकाला हुकासारखा वाकलेला असतो. उंदराच्या मूत्रपिंडात तो मुक्काम करतो. उंदराला त्याचं काही होत नाही, पण लघवीवाटे जंतू बाहेर पडत राहतात. गाईगुरं आणि कुत्र्यांच्या लघवीतूनही ते येतात. कोरड्या जमिनीत ते तग धरत नाहीत. भाताच्या खाचरात, गोठ्याच्या ओलीत, बांधाकडेच्या डबक्यात मात्र कित्येक दिवस जगतात. १८८६ साली जर्मनीत वाइल नावाच्या डॉक्टरांनी ताप, कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड असा एकत्र आजार वर्णन केला. त्याचा जंतू सापडला १९१५ साली जपानमध्ये, इनाडा आणि इडो यांना. तिथे ओल्या कोळसा खाणीत राबणाऱ्यांना तो व्हायचा. पाण्याचिखलात उभं राहून पोट भरणाऱ्या माणसाचाच हा आजार, तिकडेही आणि आपल्याकडेही.

आता गोळ्यांचं. ती डॉक्सिसायक्लिन असणार, १०० मिलिग्रॅमच्या दोन, आठवड्यातून एकदाच. हा डोस अंदाजाने ठरलेला नाही. पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या अमेरिकी सैनिकांना १९८२ साली तो देऊन पाहिला, तेव्हा औषध घेणाऱ्यांत लेप्टो जवळजवळ झालाच नाही. नंतर आपल्या अंदमानात, जिथे हा आजार कायमच आहे, तिथेही चाचणी झाली. जंतूची लागण थांबली नाही, पण आजारी पडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. म्हणून आईंना हेही सांगा की गोळी घेतली तरी ताप आला तर दवाखाना गाठायचाच.

‘उष्ण पडतं’ हे त्या उगाच म्हणत नाहीत. ही गोळी उपाशीपोटी घोटभर पाण्यावर घेतली आणि लगेच आडवं झालं तर ती अन्ननलिकेत चिकटते आणि जळजळ होते. एकदा तसं झालं की बायका पुन्हा त्या पाकिटाला हात लावत नाहीत. पेज-भात खाऊन, तांब्याभर पाण्यासोबत, दिवसाउजेडी घ्यायची आणि अर्धा तास तरी बसायचं. रक्तवाढीची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती काही तासांच्या अंतराने. घरात कुणी गरोदर असेल किंवा आठ वर्षांखालचं मूल असेल तर त्यांना ही गोळी परस्पर देऊ नका. किती आठवडे घ्यायची ते आरोग्य केंद्रात विचारा.

गमबूट घाला, असं पत्रकात लिहिलेलं असतं. गोठा साफ करताना घालाच. पण लावणीच्या चिखलात बूट रुततो आणि पाय नुसता वर येतो, हे मी बांधावर उभी राहून पाहिलं आहे. तिथे निदान एवढं करा : जखमेवर पाणी न शिरेल अशी पट्टी बांधून शेतात उतरायचं, वर आल्यावर साबणाने पाय धुऊन बेचक्या कोरड्या पुसायच्या आणि रात्री कोकमाचं तेल कोमट करून चिरांत भरायचं. तेलाने जंतू मरत नाहीत, पण कातडी सांधते. सांधलेली कातडी म्हणजे बंद दार.

ओळखायचं कसं, हे तुम्ही विचारलंत. पहिले दोन-तीन दिवस नुसतं बघून खात्रीने ओळखता येत नाही. थंडी वाजून ताप, डोकं आणि अंग ठणकणं हे डेंगीतही असतं, मलेरियातही. तरी दोन खुणा बघा. पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावला तरी माणूस पाय ओढून घेतो. आणि डोळे लाल होतात, पण चिपडं येत नाहीत.

एक रुग्ण मी अजून विसरलेले नाही. चाळिशीचा, धडधाकट नांगरी. दुसऱ्या दिवशीच्या तापाने आला होता. ओपीडीत शंभरावर माणसं होती, मी त्याला पॅरासिटामॉल देऊन पाठवलं. कुठे काम करतोस, हे विचारलं नाही, पाय बघितले नाहीत. त्याने गावात कुणाकडून तरी अंगदुखीचं इंजेक्शनही टोचून घेतलं. ते आधीच धोक्यात असलेल्या मूत्रपिंडांना आणखी मारक ठरतं. पाचव्या दिवशी त्याला आणलं तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे होते आणि आदल्या रात्रीपासून लघवी झालेली नव्हती. मोठ्या रुग्णालयात नेलं, डायलिसिस झालं, माणूस वाचला. पण तीन आठवडे घराबाहेर पडून राहिला आणि त्या वर्षी त्याचं निम्मं शेत पडीक गेलं. त्या दिवसापासून पावसात तापाचा माणूस आला की मी आधी त्याला चप्पल काढायला सांगायची.

प्रत्येक डॉक्टर विचारेलच असं नाही. म्हणून आईंना पढवून ठेवा : ताप आला तर त्याच दिवशी जायचं आणि पहिलं वाक्य बोलायचं, ‘मी लावणीला होते.’ एवढ्यावर डॉक्टर अहवालाची वाट न बघता औषध सुरू करू शकतात. सुरुवातीच्या दिवसांत डॉक्सिसायक्लिनचा सात दिवसांचा साधा कोर्स पुरतो. लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले, धाप लागली किंवा थुंकीत रक्त आलं, तर मात्र एक तासही घरी थांबू नका.

प्रश्न : लेप्टो शहरातही होतो का? परवा दादरला गुडघाभर पाण्यातून चालत घरी आलो.

उत्तर : होतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोचे रुग्ण मोठ्या संख्येने आले. पायाला जखम किंवा मधुमेहाची भेग असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा. प्रतिबंधक डोस पाण्यातून आल्यावर तीन दिवसांच्या आत सुरू व्हावा. नंतरही महिनाभर तापाकडे लक्ष ठेवा, बहुतेकांना तो पाच ते चौदा दिवसांत येतो.

प्रश्न : भावाची लेप्टोची तपासणी तापाच्या तिसऱ्या दिवशी निगेटिव्ह आली. घरचे म्हणतात, औषध बंद करू.

उत्तर : बंद करू नका. ही नेहमीची तपासणी जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. ती रक्तात दिसायला पाच-सात दिवस लागतात. तिसऱ्या दिवशीच्या निगेटिव्हवर विसंबता येत नाही. कोर्स पूर्ण होऊ द्या आणि आठवड्याने पुन्हा रक्त द्या. तोवर दिवसभरात लघवी किती वेळा आणि किती होते, ते वहीत लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा.