साताऱ्याला दरमहा जाणारे पैसे

प्रश्न: पुढच्या महिन्यात मी 62 वर्षांचा होईन आणि अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीची पेन्शन लगेच सुरू करावी असे ठरवले आहे. आता घेतली तर महिना 2,100 डॉलर, 67 व्या वर्षी 3,000 आणि 70 पर्यंत थांबलो तर 3,720 मिळतील. हिशेब मांडला, तर 80 ओलांडल्याशिवाय थांबणे परवडत नाही. आमच्याकडे पुरुष टिकत नाहीत. वडील (खासगी पेढीवर दिवाणजी होते) 63 व्या वर्षी गेले, तेव्हा मी 34 चा होतो; दोन्ही काकांनी सत्तरी पाहिली नाही. शिवाय सोशल सिक्युरिटीचा निधी बुडणार असे सगळे म्हणतात. मी नोकरी सोडली आहे. फोर-ओ-वन-के या नोकरीतल्या निवृत्ती-बचत खात्यातली साठवण आणि ही पेन्शन यांत आम्हा दोघांचे, साताऱ्याला 84 वर्षांच्या आईला दरमहा पाठवतो ते 25,000 रुपये धरून, सहज भागेल. पत्नी माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहे, तिने इथे नोकरी केलेली नाही आणि ती यात लक्ष घालत नाही. अर्ज भरून तयार आहे. पाठवू ना?
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: पाठवू नका.

तुमचे बाकीचे आकडे मी बाजूला ठेवले आणि साताऱ्याला जाणाऱ्या 25,000 रुपयांपाशी थांबले, जे तुम्ही घरखर्चाच्या यादीत जाता जाता लिहून पुढे निघून गेलात. वडील गेले त्याला 28 वर्षे झाली. म्हणजे तुमच्या आई 56 व्या वर्षी विधवा झाल्या आणि खासगी पेढीवरच्या दिवाणजींमागे पेन्शन नव्हती म्हणून आज 84 व्या वर्षीही त्यांचा महिना मुलाच्या पैशांवर निघतो. तुम्ही पैसे पाठवता हे चांगलेच आहे, परंतु तुमच्या घराण्याचा इतिहास सांगताना तुम्ही फक्त गेलेल्यांची वये मोजलीत. मागे राहिलेल्या बाईची 28 वर्षे मोजलीच नाहीत, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर नेमके तिथे आहे.

1935 चा सोशल सिक्युरिटीचा मूळ कायदा फक्त काम करणाऱ्यापुरता होता. 1939 च्या दुरुस्तीने त्यात पत्नी, विधवा आणि मुले आली. तुम्ही अजून 1935 चाच कायदा वाचत आहात. तुमच्या पत्नीची स्वतःची पेन्शन नाही, कारण त्यासाठी लागणारी 40 क्रेडिट्स, म्हणजे साधारण दहा वर्षांचे काम, तिच्या नावावर नाही. तुमच्यामागे तिला जे मिळेल ते तुम्ही कोणत्या वयात पेन्शन सुरू केलीत यावर ठरेल आणि तेच तिला जन्मभर पुरवावे लागेल.

समजा, तुम्ही 75 व्या वर्षी गेलात. तेव्हा ती 67 ची असेल. तुम्ही 62 ला सुरुवात केली असेल तर तिला महिना 2,475 डॉलर मिळतील, कारण विधवेसाठी कायद्याने तुमच्या 67 व्या वर्षीच्या रकमेच्या 82.5 टक्के ही किमान पातळी राखली आहे. 70 पर्यंत थांबला असाल तर पूर्ण 3,720 मिळतील. दरमहा 1,245 डॉलरांचा हा फरक ती तुमच्या आईंइतकी, 84 वर्षांपर्यंत जगली, तर 2,54,000 डॉलरांच्या आसपास जातो. लवकर घेऊन तुमच्या हयातीत तुम्हाला जास्तीचे मिळतील सुमारे 1,04,000. म्हणजे तुमच्या घराला दीड लाख डॉलरांचा तोटा होतो, आणि तो सगळा तिच्या एकटेपणाच्या वर्षांत येतो. महागाईनुसार होणारी वाढ मी यात धरलेली नाही. ती टक्क्यांत होत असल्याने हा फरक रुंदावतच जाईल.

आणि पुरुष टिकत नाहीत, हे तर थांबण्याचेच कारण आहे. तुम्ही जितके लवकर जाल तितकी जास्त वर्षे तिला त्या रकमेवर काढावी लागतील. थांबलेले असताना, पेन्शन सुरू होण्याआधी, उद्या 65 व्या वर्षी तुमचे काही बरेवाईट झाले तरी तिचा हक्क बुडत नाही. ती 67 ची झाल्यावर तिला पूर्ण 3,000 मिळू शकतात. तुम्ही हयात असताना पत्नी म्हणून मिळणारा हिस्साही तिला 62 पूर्ण होईपर्यंत घेता येत नाही, आणि ती 62 ची होईल तेव्हा तुम्ही 70 चे असाल. तुमच्या थांबण्याने तिचा एकही महिना वाया जात नाही.

निधी बुडण्याचे म्हणाल, तर विश्वस्तांच्या 2025 च्या अहवालानुसार निवृत्ती निधीची गंगाजळी 2033 मध्ये संपेल, पण त्यानंतरही जमा होणाऱ्या करांतून 77 टक्के रक्कम देता येईल. कपात झालीच तर आधी घेणाऱ्यांना त्यातून सूट मिळेल असे कायद्यात कुठेही नाही. तुमच्या 2,100 वरही ती लागू शकते.

मधली आठ वर्षे फोर-ओ-वन-केवर काढा. साडेएकोणसाठ वय ओलांडल्यावर त्यातून पैसे काढायला दंड नाही. शिल्लक कमी होताना पाहून जीव खालीवर होईल हे मला कळते, तरीही तीच आधी वापरा, कारण साठवण संपू शकते आणि ही पेन्शन पत्नी असेपर्यंत येत राहते.

"ती यात लक्ष घालत नाही" हे तुमचे वाक्य मला खटकले. पत्रात इतके आकडे आहेत, पण तिला ते दाखवल्याचा उल्लेख कुठेही नाही. विधवेचा अर्ज ऑनलाइन करता येत नाही. सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयाला तिला स्वतः फोन करावा लागेल किंवा तिथे जावे लागेल, आणि त्या दिवशी मदतीला तुम्ही नसाल.

तेव्हा भरलेला अर्ज आज काढून टाका. सत्तरीच्या चार महिने आधी नवा अर्ज करता येतो. तो महिना पत्नीला तिच्या हाताने लिहून ठेवू द्या. आणि या वेळी आईंना पैसे पाठवाल तेव्हा पत्नीला शेजारी बसवून फोन करा आणि विचारा, बाबा गेल्यावर पहिल्या महिन्याचे वाणसामान कोणी भरले होते.