सगळे डोक्यावर घेतात ती 'फोर्थ विंग' मला का रुचली नाही? पुढचे भाग वाचावेत का?

तुम्ही लिहिलंय की ड्रॅगन आणि लढाया असलेली मोठ्यांसाठीची दणदणीत कादंबरी हवी होती, मैत्रिणींनी रिबेका यारोसची 'फोर्थ विंग' सुचवली, अर्ध्यात येईस्तोवर कंटाळा आला, आणि आता त्याच मैत्रिणी म्हणतायत की पुढचे भाग वाच म्हणजे कळेल. माझंच काही चुकतंय का, असंही विचारलंय.

नाही, तुमचं काही चुकत नाहीये. आणि पुढचे भाग वाचून मत पालटेल असंही मला वाटत नाही. मी पहिला भाग पूर्ण वाचला, हट्टाने दुसराही वाचला. खाली पहिल्या भागाचा शेवट फोडलाय, तेव्हा अजून वाचायचा विचार असेल तर हे उत्तर बाजूला ठेवा.

आधी एक गोष्ट. हे पुस्तक 2023 साली 'रेड टॉवर' या छापाखाली आलं, आणि तो छाप 'एंटँगल्ड' या मुख्यतः प्रेमकथा काढणाऱ्या प्रकाशनाचा. यारोसबाईंनीही त्याआधी आजच्या काळातल्या प्रेमकथाच लिहिल्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच सैनिकांच्या. म्हणजे मुखपृष्ठावर ड्रॅगन असला तरी गाडीचं इंजिन प्रेमकथेचं आहे. तसं असायला हरकत काहीच नाही. आपल्याकडे 'मुक्तामाला' 1861 साली आणि 'मंजुघोषा' 1868 साली आली. राजकन्या, विरह, अद्भुत योगायोग हे सगळं मराठी वाचकाने कादंबरीच्या बाल्यावस्थेतच मिटक्या मारत वाचलंय. त्यामुळे 'प्रेमकथा आहे म्हणून फालतू' असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या पुस्तकात सगळ्यांना सगळं आयतं मिळतं.

सुरुवात आठवून बघा. ती खरोखर छान आहे. व्हायोलेट वीस वर्षांची. वडिलांनी तिला लेखनिक व्हायला तयार केलेलं, आयुष्य ग्रंथालयात गेलेलं. सेनापती असलेली आई तिला जबरदस्तीने ड्रॅगनस्वारांच्या तुकडीत ढकलते. त्या तुकडीत शिरायचं तर उंचावरच्या अरुंद दगडी कठड्यावरून चालत जायचं, पाय घसरला की संपलं. तिचे सांधे जरा झटका बसला की निखळतात, चक्कर येते. लेखिकेला स्वतःला एहलर्स-डॅनलॉस हा संयोजी ऊतींचा आजार आहे, आणि हे दुखणं तिने ऐकीव माहितीवर लिहिलेलं नाही हे प्रत्येक वाक्यात कळतं. सांधे पट्ट्यांनी कसे बांधायचे, कुठल्या हाताने धरायचं, काय धरायचं टाळायचं, हे सगळं नेमकं आहे. भीती वाटली की व्हायोलेट पाठ केलेला इतिहास-भूगोल पुटपुटते. वाचकाला नकाशा समजावून द्यायची ही युक्ती मला आवडली, कारण तो तिचा स्वभावही आहे.

मग द्वंद्वं सुरू होतात. ताकदीत ती कुणालाच हरवू शकत नाही. म्हणून आपली गाठ कुणाशी पडणार हे आधी शोधून काढते आणि लढतीच्या आधी त्या माणसाच्या पोटात काहीतरी जाईल अशी सोय करते. झाडपाल्याची माहिती, पुस्तकी अक्कल आणि थोडा निर्लज्जपणा! मला वाटलं, अरे वा, ही बाई मला आवडणार.

आणि नेमकं तिथेच माशी शिंकते. ड्रॅगन निवडायच्या दिवशी तिला कोण मिळतो? टेर्न, सगळ्यांत भयंकर काळा ड्रॅगन. शिवाय अँडार्ना नावाची सोनेरी पिल्लूवजा दुसरी, जे आजवर कुणाच्या बाबतीत झालेलं नाही. वरून जादूची शक्ती कुठली? आकाशातली वीज. आता ज्या मुलीच्या हातात वीज आहे तिला विषाची पुडी कशाला लागेल? डोकं लढवायची गरज संपते आणि व्हायोलेटमधली जी खुमारी होती तीही संपते. तुम्हाला कंटाळा अर्ध्यात आला म्हणता, तो मला योगायोग वाटत नाही.

प्रेमाचंही तेच. झेडन हा बंडखोर नेत्याचा मुलगा, व्हायोलेटच्या आईच्या सैन्यामुळे बापाला मुकलेला, तिचा जीव घ्यायला टपलेला. शत्रूंचे प्रेमिक होणं हा या प्रकारातला हुकमी साचा, आणि त्यात खरी मजा कशात असते? दोघांनी वैर सोडायचं ठरवण्यात. सोडलं नसतं तरी चाललं असतं, तरी सोडलं, यात. इथे टेर्न आणि झेडनची ड्रॅगन स्गेल हे जोडपं निघतं. ड्रॅगन मेला की स्वार मरतो, आणि या जोडीतल्या एकाचा जीव गेला तर बाकीच्यांचंही खरं नाही, म्हणून झेडनला व्हायोलेटला जिवंत ठेवणं भागच आहे. तिला मारायचं की नाही हा प्रश्न त्याच्यापुढून लेखिकेनेच उचलून घेतला. दोघांना दूर राहताही येत नाही, कारण ड्रॅगनांना एकमेकांपासून फार दिवस लांब राहवत नाही. युक्ती म्हणून हुशार आहे, मान्य. पण ठरलेल्या लग्नात मुलामुलीला विचारतात तेवढंसुद्धा इथे कुणी विचारत नाही. पुढे दोघं एकमेकांवर जीव टाकतात तेव्हा माझ्या मनात एवढंच येत होतं, की बाबांनो, तुम्हाला दुसरा पर्याय होता तरी कुठे?

तिसरा कोन डेन, लहानपणचा मित्र. तो काळजी करतो, अति करतो, 'तू लेखनिकांकडे परत जा' म्हणतो. हा माणूस चांगला असूनही तिच्यासाठी चुकीचा आहे, असं लिहिलं असतं तर किती बरं झालं असतं! पण शेवटी कळतं की तो तिला स्पर्श करून तिच्या आठवणी चोरून वाचत होता. झालं, निकाल लागला. नायिकेला निवड करावीच लागू नये म्हणून एका उमेदवाराचा अर्जच बाद केलाय.

सगळ्यांत जास्त हळहळ मला वाटली ती ग्रंथालयाची. नवार हा देश आपल्याच इतिहासातून वेनिन नावाचे शत्रू खोडून काढतो. ते फक्त जुन्या लोककथांत उरलेत, आणि तसं एक पुस्तक व्हायोलेटच्या वडिलांनी तिला वाचून दाखवलेलं असतं. दप्तरखान्यात वाढलेल्या मुलीला दप्तरच खोटं आहे हे कळणं, यापेक्षा मोठी उलथापालथ कुठली? पण ती कागद धुंडाळून तिथवर पोचत नाही. झेडनबरोबर सीमेवर जाते आणि वेनिन पुढ्यात येऊन उभे राहतात. मग लढाई, व्हायोलेटचा मित्र लियम याचा मृत्यू, आणि मेलेला समजला जाणारा तिचा भाऊ जिवंत. पानं भराभर उलटतात हे खरंच, मीही उलटली.

अगदी पहिल्या पानावर एक टीप आहे, तुम्ही कदाचित सोडली असेल. हा मजकूर नवारी भाषेतून आधुनिक भाषेत जेसिनिया नावाच्या लेखनिकेने इमानदारीने उतरवला, असं तिथे म्हटलंय. म्हणजे आपण जुनी बखर वाचतोय. आणि बखरीतली मुलगी बोलते मात्र आजच्या अमेरिकन कॉलेजातल्या पोरीसारखी, शिव्यांसकट. शिवाय त्या बिचाऱ्या जेसिनियाने शयनगृहातली पानंच्या पानं एक अक्षर न गाळता उतरवून काढली असणार, या कल्पनेने मला नको त्या ठिकाणी हसू फुटलं.

'मोठ्यांसाठी' या शब्दाने तुमची फसगत झाली असावी. मोठ्यांसाठी म्हणजे त्यात रक्त आहे आणि उघड शृंगार आहे, इतकंच. बाकी सगळा ढाचा शाळेचा: तुकड्या, गुण, दादागिरी करणारी पोरं, कोण कुणाशेजारी बसलं. याच प्रकारातली सारा जे. मासची एक गाजलेली मालिका 2015 साली किशोरांच्या कपाटात आली आणि 2020 मध्ये नवी मुखपृष्ठं चढवून मोठ्यांच्या कपाटात गेली, कथा तीच. कपाटावरून वय ठरवू नका. आणि ड्रॅगन बघून हे पुस्तक कुणी आठवीतल्या भाचीला देणार असेल तर त्यांना थांबवा.

आता पुढचे भाग. दुसरा, 'आयर्न फ्लेम', त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आला, पहिल्यानंतर जेमतेम सहा महिन्यांत, आणि ती घाई दिसते. 'तू मला सगळं का सांगत नाहीस' हे एकच भांडण दोघं कितीतरी वेळा भांडतात. तिसरा, 'ऑनिक्स स्टॉर्म', जानेवारी 2025 मध्ये आला आणि अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात 27 लाखांवर प्रती खपल्या. एवढे लोक मूर्ख नसतात. त्यांना धडधड हवी होती आणि ती पुस्तकाने चोख दिली. तुमच्या मैत्रिणींनाही तीच आवडली असणार. तुम्ही मागत होतात ते दुसरंच.

ड्रॅगन आणि लढायाच हव्या असतील तर नेओमी नोविकची 'टेमरेअर' मालिका बघा. नेपोलियनच्या काळातलं युद्ध, फ्रेंच जहाजावर सापडलेलं अंडं, आणि त्यातून निघालेला ड्रॅगन पुढे चीनमध्ये ड्रॅगनांना मिळणारा मान बघून इंग्लंडात हक्क मागायला लागतो. प्रेमकथा जवळजवळ नाहीच, पण कप्तान आणि ड्रॅगन यांच्यातला जिव्हाळा एकेका प्रसंगातून, भांडत-समजावत वाढतो. पहिला भाग 2006 चा आहे, इंग्रजी थोडी जुन्या वळणाची, सुरुवातीला दमानं घ्यावं लागेल.

'फोर्थ विंग'ची उरलेली पानं वाचायचीच असतील तर मधली चाळा आणि सीमेवरच्या लढाईपासून पुढे वाचा. मैत्रिणींशी वाद घालायला तेवढं पुरतं.