कुंचला कागदाला टेकण्याआधी
वाचकांचे प्रश्न : चित्रकलेची प्रात्यक्षिके

आमच्या कलामंडळात बाहेरचे चित्रकार येऊन प्रात्यक्षिक देतात. सभासद चाळीसेक आहेत. पहिल्या दोन रांगा सोडल्या तर बाकीच्यांना चित्रकाराची पाठ तेवढी दिसते. पुढचे प्रात्यक्षिक जलरंगाचे आहे, म्हणजे कागद टेबलावर जवळजवळ आडवाच. काय सोय करावी?

चाळीस जणांना २८ × ३८ सेंमीचा कागद दाखवायचा तर वरून कॅमेरा आणि समोर मोठा पडदा हाच उपाय. टेबलावर ४५ अंशांत टांगलेला आरसाही चालतो, पण त्यात डावे-उजवे उलटे दिसते आणि मागच्या रांगांना कुंचल्याचे टोक काही दिसत नाही.

कॅमेरा बहुतेक ठिकाणी चित्रकाराच्या डोक्यावर लावतात आणि तिथेच चुकते. चित्रकार बारीक कामासाठी वाकला की पडद्यावर फक्त डोके. कॅमेरा टेबलाच्या पलीकडच्या बाजूने, म्हणजे चित्रकाराच्या समोरून, लांब दांड्यावर कागदाच्या वर साधारण ७० ते ८० सेंमीवर आणा. चित्र उलटे दिसेल, ते सेटिंगमध्ये १८० अंश फिरवून घ्या. फोन वापरत असाल तर तो वायरनेच जोडा. वायरलेसमध्ये चित्र मागे रेंगाळते, चित्रकाराचे बोलणे पुढे जाते आणि बघणाऱ्याचा गोंधळ उडतो.

फोनचा एक्स्पोजर (कॅमेरा किती उजेड घेतो ते) आणि व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून रंगांची जुळणी) दोन्ही लॉक करा. ते आपोआप बदलत राहिले तर हात चौकटीत आला की सगळे चित्र उजळते किंवा काळवंडते आणि फिकट आकाश कधी निळे, कधी राखाडी दिसते. बऱ्याच फोनमध्ये पडद्यावर बोट दाबून धरले की फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतात. व्हाइट बॅलन्ससाठी कॅमेरा ॲपमधला प्रो पर्याय लागतो. तो लॉक करण्याआधी चौकटीत पांढरा कागद ठेवा आणि तो पडद्यावर पांढराच दिसतो ना, ते बघा.

दिवा चित्रकाराच्या लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूने हवा, नाहीतर हाताची सावली नेमकी कामावर पडते. ५००० केल्विनच्या आसपासचा (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा) आणि सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९०च्या वर असलेला दिवा घ्या. पिवळा आणि पांढरा असे दोन दिवे एकत्र लावू नका. ओला कागद आरशासारखा चमकतो, म्हणून आदल्या दिवशी एक कागद खरोखर पाण्याने भिजवून पडद्यावर बघा. चमक दिसली तर कॅमेरा न हलवता दिवा हलवा. प्रोजेक्टरसाठी खोलीत अंधार लागतो आणि चित्रकाराला उजेड लागतो. या ओढाताणीत प्रोजेक्टरपेक्षा मोठा टीव्ही बरा.

टेबलावरचा पंखा बंद ठेवा आणि एसीचा झोत दुसरीकडे वळवा. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग ओला थर, किती वेळ ओला राहतो यावरच जलरंगाचे सगळे गणित असते, आणि वाऱ्याने ते बिघडले तर पाहुण्यांचा हात कितीही सरावाचा असो, चित्र हातातून सुटते. लिटरभर पाण्याची दोन भांडी, जुन्या सुती कापडाचे तुकडे, टिश्यूचा रोल आणि हेअर ड्रायरसाठी हाताशी प्लग एवढे तयार असू द्या. मध्यंतरात सगळ्यांना ओळीने मूळ चित्र जवळून बघू द्या. पडद्यावरचा रंग हा शेवटी पडद्यावरचाच रंग.

प्रात्यक्षिकात पाहुण्यांनी ओल्या आकाशात ढग काढले ते लोण्यासारखे मऊ आले. तोच कागद, तेच रंग घेऊन घरी केले तर कातरलेल्या कडांचे डाग पडतात, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे. काय चुकते?

तुमच्या कुंचल्यात कागदापेक्षा जास्त पाणी आहे. बाकी बहुधा काही चुकत नाही.

असा डाग का पडतो ते आधी समजून घ्या. वॉश सुकू लागला की रंगाचे कण कागदावर बसायला लागतात. त्या वेळी जास्त ओला कुंचला टेकला की नवे पाणी आजूबाजूच्या कमी ओल्या भागात पसरते आणि अर्धवट बसलेले कण पुढे ढकलत नेते. पाणी जिथे थांबते तिथे कण साठतात. त्याचीच ती गडद, नागमोडी कड.

कागदाच्या चार अवस्था ओळखायला शिका. डोळा कागदाच्या पातळीला आणून तिरके बघा. पहिल्या अवस्थेत पाणी साचून चकाकते. इथे रंग सोडला तर तो मनाला येईल तिकडे धावतो. दुसरीत पाण्याचे थर जाऊन रेशमासारखी सलग तकाकी उरते. ढगांच्या मऊ कडा इथेच मिळतात, मात्र रंग दाट हवा आणि कुंचला पिळलेला. तिसरीत तकाकी गेलेली असते, कागद कोरडा वाटतो, पण हाताची मागची बाजू टेकवली तर गार लागतो. सगळे डाग या तिसऱ्या अवस्थेत पडतात, कारण नवशिक्याला नेमके इथेच काहीतरी दुरुस्त करावेसे वाटते. या वेळी कुंचला खाली ठेवा. चौथी अवस्था पूर्ण कोरडी, गारवाही गेलेला. आता वरून दुसरा वॉश बिनधास्त द्या.

पुढच्या प्रात्यक्षिकाला चित्राऐवजी पाहुण्यांच्या हाताकडे बघा. रंग घेतल्यावर कुंचला थेट कागदावर जात नाही. तो आधी कापडाला टेकतो, कधी एकदा, कधी दोनदा, आणि पोटातले पाणी कापडात जाऊन टोकाशी दाट रंग उरतो. अर्ध्या सेकंदाची ही हालचाल बोलण्याच्या ओघात कोणी सांगत नाही, कारण ती करणाऱ्याच्याही लक्षात नसते. चाळीसातले पस्तीस जण तेव्हा कागदावरच्या ढगाकडे बघत असतात.

आता घरी करायचा प्रयोग. तुमच्या नेहमीच्या कागदावर चार चौकोन आखा, चारही एकदमच सारख्या वॉशने भरा. मग त्याच कुंचल्याने, तेवढ्याच पाण्याचा एकेक ठिपका पहिल्यात १ मिनिटाने, दुसऱ्यात ३, तिसऱ्यात ५ आणि चौथ्यात ८ मिनिटांनी द्या. कोणत्या मिनिटाला डाग फुलतो ते कागदाच्या मागे लिहून ठेवा. दमट दिवशी आणि कोरड्या दिवशी आकडे वेगळे येतील, म्हणून दोनदा करा.

दोन गोष्टी अजून. वॉशच्या खालच्या कडेला, कागद बोर्डाला चिकटवलेल्या टेपजवळ, पाण्याचा मणी साठतो. बाकीचा कागद सुकला की तो मणी मागे वर चढतो आणि तुम्ही काहीही न करता डाग पडतो. तो पिळलेल्या कुंचल्याने टिपून घ्या. बोर्डाला सुमारे १५ अंशांचा उतार द्या. ४० सेंमी लांबीच्या बोर्डाला वरच्या बाजूने १० सेंमीचे टेकण लावले की तेवढा होतो. आणि रंग कालवताना हात आखडता घेऊ नका. पाव शीटच्या (२८ × ३८ सेंमी) आकाशाला निदान तीन-चार चहाचे चमचे पातळ रंग तयार हवा. अर्ध्यात संपला आणि पुन्हा कालवायला बसलात की तोवर कागद तिसऱ्या अवस्थेत गेलेला असतो.

पडलेला डाग ओला असताना हात लावू नका. पूर्ण सुकल्यावर ओलसर चपट्या कुंचल्याने कड हळू चोळा आणि टिश्यूने टिपा. अल्ट्रामरीन बऱ्यापैकी उठतो. थॅलो निळा कागदात मुरतो, तो फारसा निघत नाही.

ॲक्रिलिकच्या प्रात्यक्षिकात पाहुण्या चित्रकर्तीने रंग हवा त्यापेक्षा मुद्दाम फिका लावला आणि “सुकल्यावर बघा” म्हणाल्या. आम्हाला नीट कळले नाही.

ॲक्रिलिकमधला बांधणारा पदार्थ ओला असताना दुधाळ असतो, सुकल्यावर पारदर्शक होतो. दुधाळपणा गेला की रंग गडद दिसतो. जलरंगाचे उलटे, तो सुकल्यावर फिकट होतो. दोन्ही माध्यमांत काम करणाऱ्यांची नेमकी इथेच गल्लत होते. उपाय एकच, टाकाऊ कागदावर पट्टी ओढून ड्रायरने सुकवायची आणि मगच कॅनव्हासला हात लावायचा. ॲक्रिलिकवर, तो पूर्ण सुकल्यावर, तैलरंग चालतो. तैलरंगावर ॲक्रिलिक मात्र कधीही नाही, तो धरत नाही आणि सुटून येतो.

दोन तासांचे तैलरंगातील व्यक्तिचित्राचे प्रात्यक्षिक ठरले आहे. मॉडेल म्हणून आमचीच एक सभासद बसणार आहे. तिला आणि बाकीच्यांना काय सूचना द्याव्यात?

मॉडेलला २० मिनिटे बैठक आणि ५ मिनिटे विश्रांती द्या. पहिल्यांदा उठण्याआधीच खुर्चीच्या पायांभोवती आणि तिच्या पावलांभोवती जमिनीवर टेप लावा. चित्रकाराच्या डोळ्याच्या उंचीवरून एक फोटोही काढून ठेवा. नजर लावायला भिंतीवर एक खूण हवी. खूण नसेल तर नजर टीव्हीकडे वळते, मागोमाग मानही वळते आणि विसाव्या मिनिटाला चित्रकाराच्या समोर वेगळाच चेहरा असतो. कपडे गडद, एकरंगी असावेत. पांढरा शर्ट हनुवटीखाली प्रकाश फेकतो आणि तिथली सावली मारतो. प्रकाश एकाच बाजूने, थोडा वरून द्या.

उजव्या हाताने रंगवणाऱ्या चित्रकाराच्या डावीकडे मॉडेल आणि डाव्या बाजूच्या मागे प्रेक्षक बसवा, म्हणजे चेहरा आणि कॅनव्हास एका नजरेत येतात. कॅनव्हास किंचित पुढे झुकवला तर ओल्या तेलाची चमक कमी होते.

दोन तासांत हुबेहूबपणाची अपेक्षा धरू नका. उजेड-सावलीची मोठी मांडणी आणि डोळ्यांचे खड्डे, नाक, हनुवटी यांची जागा पक्की झाली तर काम उत्तम झाले. बरेच पाहुणे मोजकेच रंग घेतात. स्वीडिश चित्रकार अँडर्स झोर्न (१८६०–१९२०) यांच्या नावाने ओळखला जाणारा संच म्हणजे पिवळा ऑकर (मातकट पिवळा), शेंदरी लाल, आयव्हरी ब्लॅक आणि पांढरा. त्यातला काळा पांढऱ्यात मिसळला की ऑकर-लालाच्या शेजारी निळसर भासतो. तो कुठे आणि किती वापरला जातो, ते टिपून घ्या.

जवसाच्या तेलाने माखलेली कापडे बोळा करून कचऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता सोडते आणि बोळ्यात ती कोंडून कापड आपोआप पेटू शकते. कापडे पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात टाका. टरपेंटाईन असेल तर खिडक्या उघड्या हव्यात.

प्रात्यक्षिकात पाहिलेले चित्र घरी काढले तर ते प्रदर्शनात लावता येते का? आणि प्रात्यक्षिकात झालेले मूळ चित्र कोणाचे?

सरावासाठी खुशाल काढा. स्वतःचे म्हणून प्रदर्शनात किंवा स्पर्धेत देऊ नका. मांडणी आणि रंगांचे निर्णय दुसऱ्याचे आहेत. व्हिडिओ काढायचा तर आधी विचारा, आणि मंडळाबाहेर पाठवायचा असेल तर त्यासाठी पुन्हा वेगळे विचारा.

मूळ चित्र चित्रकाराचे. मंडळाला ते हवे असेल तर मानधन, साहित्य आणि प्रवासखर्च ठरवतानाच हेही ठरवून लेखी कळवा. चित्र पूर्ण झाल्यावर, सगळे टाळ्या वाजवत असताना, पाहुण्यांसमोर हा विषय काढला तर त्यांना नाही म्हणणे अवघड जाते.