ताप नव्हता, तरी फ्लू कसा? वडिलांच्या आजारपणाबद्दल

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि वॉर्डातले कितीतरी चेहरे डोळ्यांसमोर आले. वडील ७८ वर्षांचे, ताप एकदाही १०० च्या वर गेला नाही, दोन दिवस नुसतं "जेवण नको" म्हणत राहिले, तिसऱ्या रात्री बाथरूम समजून कपाटाचं दार उघडून उभे राहिले. दवाखान्यात नेल्यावर इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोनिया निघाला. ताप नसताना एवढं कसं झालं, आपलं लक्ष कमी पडलं का, आणि ज्यांनी जन्मात कधी अंथरूण धरलं नाही त्यांची प्रतिकारशक्ती गेली कुठे, असं तुम्ही विचारलंय.

आधी मधल्या प्रश्नाचं उत्तर. तुमचं लक्ष कमी पडलेलं नाही. मी २९ वर्षं स्टाफ नर्स होते, त्यातली बरीचशी मेडिसिन वॉर्डात गेली. सुरुवातीच्या काळात मीसुद्धा एका आजोबांच्या चार्टवर ९९ लिहून पुढच्या खाटेकडे गेले होते. ते सकाळपासून शर्टाचं एकच बटण लावत आणि काढत बसले होते. संध्याकाळी ऑक्सिजन लावावा लागला. ते बटण मी अजून विसरलेले नाही.

ताप आणतो तो विषाणू नाही, आपलं शरीर. जंतू दिसला की पेशी रसायनं सोडतात, ती मेंदूला सांगतात की तापमान वाढव. वय झालं की हा निरोप क्षीण होतो. गंभीर संसर्ग झालेल्या चार-पाच वृद्धांत एखाद्याला तरी ताप येतच नाही किंवा अगदी जेमतेम येतो. शिवाय त्यांचं रोजचं तापमानच कमी असतं. ज्यांचं नेहमी ९७ असतं त्यांचं ९९ झालं, तर ती दोन अंशांची वाढ आहे आणि ती तापच समजायची. म्हणून वडील बरे झाले की आठवडाभर सकाळ-संध्याकाळ त्यांचं तापमान मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या वेळी तुलना कशाशी करायची ते तुम्हाला माहीत असेल.

आता प्रतिकारशक्ती गेली कुठे. माझं म्हणणं असं की "कमी झाली" हा शब्दच नेमका नाही. जुनं पाठ असतं, नवं शिकायला त्रास होतो.

छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. टी-पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, तिथे तयार होऊन बाहेर पडतात. कधीच न पाहिलेल्या विषाणूला ओळखायला लागतात त्या या कोऱ्या पेशी. ही ग्रंथी वयात आल्यापासूनच आक्रसायला लागते आणि साठी-सत्तरीपर्यंत तिच्या जागी बहुतेक चरबीच उरते. म्हणजे कोऱ्या पेशींची आवक जवळपास थांबते. पूर्वी भेटलेल्या जंतूंच्या आठवणी ठेवणाऱ्या पेशी मात्र टिकून असतात. २००८ साली एक संशोधन प्रसिद्ध झालं. १९१५ किंवा त्याआधी जन्मलेल्या ३२ जणांचं रक्त तपासलं, तर १९१८ च्या साथीतल्या फ्लूच्या विषाणूला ओळखणाऱ्या अँटीबॉडी ३२ च्या ३२ जणांत सापडल्या, जवळजवळ नव्वद वर्षांनी!

पुढच्याच वर्षी, २००९ ला, पुण्यात स्वाइन फ्लू आला तेव्हा आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं. खाटा भरल्या होत्या त्या तरण्याताठ्या माणसांनी, सत्तरीचे त्या मानाने कमी. १९१८ च्या विषाणूचे वंशज १९५७ पर्यंत माणसांत फिरत होते आणि स्वाइन फ्लूचा विषाणू त्यांच्याशी मिळताजुळता होता. जुन्या लोकांनी तो लहानपणी पाहिलेला होता. कोविड मात्र सगळ्यांनाच नवा. तेव्हा काय झालं ते आपण सगळ्यांनी भोगलंय, त्यावर जास्त लिहीत नाही.

दुसरी गोष्ट थोडी उलटी वाटेल. वाढत्या वयात शरीरात मंद दाह सतत धुमसत असतो. पहिला प्रतिसाद उशिरा येतो, विषाणूला दोन-तीन दिवस मोकळं रान मिळतं, आणि मग जी प्रतिक्रिया येते ती फुप्फुसालाच भाजून काढते. त्यात खोकला जोरात येत नाही, कफ सुटत नाही. फ्लूचा घाव फुप्फुसावर थांबतही नाही. कॅनडातल्या अभ्यासात फ्लू झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण सहापट दिसलं. म्हणून वडिलांच्या छातीत दुखलं, धाप लागली, तर "फ्लूचा अशक्तपणा असेल" म्हणून घरी थांबू नका.

काढा आणि च्यवनप्राशबद्दल विचारलंत. आवडत असेल तर द्या, मधुमेह असेल तर च्यवनप्राशातली साखर मोजा. पण आक्रसलेली थायमस यातल्या कशानेही परत वाढत नाही, आणि "इम्युनिटी" लिहिलेल्या महागड्या डब्यांवर पैसे घालवू नका. तेच पैसे लशीवर खर्च करा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

लस म्हणजे नवं शिकवण्याची शिकवणीच. थकलेल्या प्रतिकारशक्तीला ती जरा जोर लावून द्यावी लागते, पण शिकते ती नक्की. नागिणीचंच बघा. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी जन्मभर झोपून असतो, टी-पेशींचा पहारा ढिला पडला की उठतो. यावरच्या आधीच्या लशीचा सत्तरीनंतर उपयोग ३८ टक्क्यांच्या आसपास होता. नव्या लशीत प्रतिकारशक्तीला डिवचणारा एक घटक घातला, त्यातला एक भाग चिलीमधल्या एका झाडाच्या सालीतून येतो, आणि त्याच वयात उपयोग ९० टक्क्यांजवळ गेला. ती आता आपल्याकडे मिळते, दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. महाग आहे. तरी नागिणीनंतर वर्षभर सदऱ्याचा स्पर्शही सहन न होणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून सांगते, जमवता आलं तर जमवा.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात जोर धरतो, तेव्हा मे महिन्यात घेतलेली बरी. आत्ताच्या आजारातून ते पूर्ण सावरले की डॉक्टरांना न्यूमोनियाच्या लशीचंही विचारा. घरातल्या सगळ्यांनीही फ्लूची लस घ्या, कारण आजोबांकडे विषाणू बहुतेक वेळा शाळेच्या दप्तराबरोबर येतो.

पुढच्या वेळी थर्मामीटरच्या आधी माणसाकडे बघा. नेहमीचा चहा अर्धा राहिला, पेपर उघडलाच नाही, दिवसा झोप काढतायत, तोल गेला, बोलण्यात तारीख-वार चुकतायत, यातलं काहीही अचानक सुरू झालं तर त्याच दिवशी दाखवा. फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सगळ्यात चांगलं लागू पडतं, नागिणीवरचं औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांत. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड दिसले तर मंत्राने नागीण उतरवणाऱ्याकडे न जाता सरळ डॉक्टरकडे जा.

आणि आत्ता घरी आणल्यावर त्यांना नुसतं झोपवून ठेवू नका. पहिल्या दिवशी खाटेवर पाय खाली सोडून बसू देत, दुसऱ्या दिवशी जेवायला खुर्चीत, मग तुमचा हात धरून दारापर्यंत. मऊ भाताबरोबर वरण, अंडं, दही, जे खात असतील ते थोडं थोडं द्या. ऑक्सिमीटर घरात असेल तर आकडा लिहीत जा. इथेच टाकलात तरी मी बघेन.