मॅथ डॉट एच जोडल्यावर ‘वाय१’ या व्हेरिएबलवरच कंपायलर का अडतो?

तुम्ही लिहिलंय की दोन बिंदूंमधलं अंतर काढणाऱ्या सी प्रोग्रॅममध्ये एक्स१, वाय१, एक्स२, वाय२ हे ग्लोबल, म्हणजे सगळ्या फंक्शनच्या बाहेर घोषित केलेले, व्हेरिएबल घेतले होते, काल सगळं ठीक होतं, आणि आज वर्गमूळासाठी मॅथ डॉट एच ही गणिती फंक्शनच्या घोषणांची हेडर फाइल जोडल्याबरोबर जीसीसी हा कंपायलर ‘क्रॅश’ झाला. तोही फक्त वाय१ वर.

तुमचं गणित बरोबर आहे. अडचण एवढीच की वाय१ नावाचं फंक्शन मॅथ डॉट एचमध्ये आधीपासून आहे. बेसेल हा जर्मन खगोलशास्त्रज्ञ (१७८४–१८४६). त्याच्या नावाच्या फलनांपैकी दुसऱ्या प्रकारची फलनं म्हणजे वाय०, वाय१, वायएन, आणि पहिल्या प्रकारची जे०, जे१, जेएन. गोल पडद्याची कंपनं मांडताना ही फलनं लागतात. एक्स१ नावाचं काही त्या फाइलमध्ये नाही, म्हणून त्याची तक्रार नाही.

कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या प्रॅक्टिकलला रेषा काढताना मीही इथेच अडकलो होतो. अख्खी दुपार अर्धविराम आणि कंस तपासत बसलो, कारण नावावर संशय घ्यावा हे सुचलंच नाही.

काल चाललं कसं? हेडर नव्हती, तरी जीसीसीला हे नाव ठाऊक असतं. त्यामुळे बहुतेक एक वॉर्निंग आली असणार: बिल्ट-इन फंक्शन वाय१ हे फंक्शन नसलेल्या रूपात घोषित केलंय, अशा अर्थाची. वॉर्निंग असली तरी प्रोग्रॅम तयार होतो, म्हणून ती नजरेतून सुटते. आज हेडरने फंक्शन रीतसर घोषित केलं आणि एकाच पातळीवर एकाच नावाच्या दोन गोष्टी झाल्या. त्याची मात्र एरर होते: ‘रीडिक्लेअर्ड अ‍ॅज डिफरंट काइंड ऑफ सिम्बॉल’.

याला क्रॅश म्हणू नका, कारण शोधताना त्याच शब्दाने वाट चुकते. कंपायलर खरंच कोसळला तर ‘इंटर्नल कंपायलर एरर’ असं येतं, आणि तो दोष कंपायलरचा असतो, कोड कितीही चुकीचा असला तरी. इथे कंपायलरने आपलं काम केलंय.

चारही व्हेरिएबल मेनच्या आत घ्या. आतलं नाव बाहेरच्या नावाला झाकतं, त्यामुळे तिथे वाय१ खुशाल चालतं. ग्लोबलच हवे असतील तर नाव बदला. मी पीवाय१ लिहितो. घोषणेच्या आधी स्टॅटिक हा शब्द लावून किंवा बिल्ट-इन बंद करण्याचा पर्याय देऊन ही एरर जात नाही, कारण घोषणा हेडरमध्येच आहे. स्ट्रिंग डॉट एच घेतली की इंडेक्स आणि टाइम डॉट एच घेतली की टाइम, या ग्लोबल नावांचंही असंच होतं.

हे झाल्यावर लिनक्सवर कदाचित वर्गमूळाच्या फंक्शनसाठी ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येईल. घाबरू नका, कमांडच्या अगदी शेवटी वजाचं चिन्ह देऊन एलएम जोडा, म्हणजे गणिताची लायब्ररी जोडली जाते.